दत्ताच्या बोर्डावरची ओळ

मंडळी, आज दुपारपासून डोकं सुन्न आहे. मी डिजिटल बोर्डासाठी ओळी लिहून देतो. आमच्या गल्लीतले तात्या आले होते. त्यांचा दत्ता परवा अपघातात गेला, त्याच्या श्रद्धांजलीचा बोर्ड करायचा होता.

मी लिहिलं, ‘मायेचा मेघ मावळला, मन मुकं झालं.’ वाचताना प्रत्येक ‘म’ला तात्यांचे ओठ मिटत होते.

“ह्यात माझा पोरगा न्हाय रं. त्यो असा दबून कधी बोललाय व्हय? वाढदिवसाला लिवलं हुतंस, तेच टाक की.”

‘दिलदार, दमदार, दणकेबाज दत्ता!’

मी त्या ओळीखालचं फक्त ‘शुभेच्छा’ काढून ‘श्रद्धांजली’ घातलं. तात्यांनी ओळ मोठ्यानं वाचली. ‘दणकेबाज’पर्यंत आले, पुढच्या नावाला आवाजच फुटला नाही.

दुःखाला हळवी अक्षरंच लागतात, हे आपल्याला कुणी शिकवलं हो?