भीमेत काहीच पडलं नव्हतं

फोन आला तेव्हा मी शिरूरला घराच्या ओट्यावर मटकी निवडत बसले होते. दौंडहून बाळूचा फोन, म्हणजे माझ्या नणंदेच्या मुलाचा. "मामी, आई गेली. चहा मागितला आन् कप हातात घ्यायच्या आधीच..." मी नुसती मटकीत बोटं फिरवत राहिले. याला आता दोन महिने होत आले. रडायचं तेवढं रडून झालं. उरलाय तो राग, आणि तो कुठंतरी ओतल्याशिवाय घास गोड लागायचा नाही, म्हणून लिहायला बसले.

गोदावरी त्यांचं नाव. दौंडात सगळ्यांच्या गोदाक्का, माझ्या वन्सं. आमच्या ह्यांची थोरली बहीण. त्यांचे मालक रेल्वेत गार्ड होते. गाडी दौंडला रिकामी झाली की डब्यात प्रवाशांनी टाकून दिलेली वर्तमानपत्रं, मासिकं ते उचलून आणायचे. बाकीच्या बाया त्यावर पापड वाळवायच्या, वन्सं आधी वाचायच्या आणि मग वाळवायच्या. त्यातून मागच्या शतकातल्या एकेक अजब गोष्टी त्यांच्या डोक्यात जाऊन बसल्या. राजेरजवाडे, लढाया, सनावळ्या यांत त्यांना रस नव्हता. कुठल्याशा देशानं एका सकाळी रस्त्याची बाजूच बदलली, काल डावीकडनं गाड्या चालत होत्या त्या आज उजवीकडनं... असलं काही सापडलं की त्यांचा चेहरा खुलायचा. मात्र सांगायची एक शिस्त होती. गोष्ट सुरू करायच्या आधी त्या म्हणायच्या, "हे वाचलेलं हाय बरं का." नाहीतर, "हे ऐकलेलं." नाहीतर, "हे मी डोळ्यांनी बघितलेलं." या तिन्हींची त्यांनी कधी गल्लत केली नाही. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "वन्सं, सांगा की सरळ, कोण विचारतंय?" तर म्हणाल्या, "कुणी विचारत न्हाई म्हणून तर सांगायचं."

आणि त्या गोष्टी सांगायच्या कुठं, तर घाटावर. कुणाच्याही दहाव्याला. आमच्याकडं दहाव्याला पिंड मांडून सगळे मागं सरकतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा लवकर येत नाही. मग कुजबूज सुरू होते, याची इच्छा राहिली, त्याचा जीव अडकला... आणि घरच्यांच्या काळजात कालवाकालव होते. नेमकी ती वेळ वन्सं धरायच्या. बायांच्या घोळक्यात बसून हलक्या आवाजात गेलेल्या माणसाच्या काळातली एखादी गोष्ट काढायच्या आणि त्या माणसाला तिच्यात नेऊन बसवायच्या. आमच्या तालुक्यात न्हावऱ्याला आमचे एक आप्पा गेले, एसटीत ड्रायव्हर होते. कावळा काही येईना. आप्पांची बायको पदर तोंडाला लावून बसलेली. वन्संनी ती रस्त्याची बाजू बदलण्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "त्या अख्ख्या देशाला सरकारनं दवंडी पिटून शिकवावं लागलं. आन् आमच्या आप्पानं जल्मभर एका बाजूनं गाडी हाकली, कुणाला साधा धक्का लावला न्हाई." ती बाई रडता रडता हसली. म्हणाली, "एक म्हैस उडवली होती, आक्का." सगळ्या बाया हसल्या. तेवढ्यात कावळा आला का नाही मला आठवत नाही, पण ती बाई घरी मोकळी होऊन गेली एवढं नक्की.

बाळूलाही त्यांनी असंच एकदा वाचवलं. मध्यंतरी आपल्याकडं ईमू पाळायचं आणि कर्जात बुडायचं खूळ आलं होतं, ते आठवत असेल तुम्हाला. बाळू जागा बघून, कुंपणाच्या जाळीची चौकशी करून आला. वन्संनी भाकरी थापता थापता विचारलं, "म्हंजी ते आस्ट्रेलियातलं उंच पाखरू का रं?" बाळू म्हणाला, "व्हय, लई डिमांड हाय त्याला." वन्सं म्हणाल्या, "वाचलेलं सांगते. त्या पाखरांनी गहू खाल्ला म्हणून तिथल्या सरकारनं मशीनगना घेऊन सैन्य धाडलं होतं. पाखरं दमली न्हाईत, सैन्य दमलं आन् माघारी गेलं. आता तू कुंपण घालून त्यांना धरणार म्हंतोस?" बाळू आठवडाभर आईशी बोलला नाही. पण जाळी काही आणली नाही.

आता त्या स्कायलॅबचं सांगते, कारण सगळा राग तिथंच आहे. एकोणऐंशीचा पावसाळा. अमेरिकेचं आकाशातलं यंत्र निकामी झालंय आणि कुठंही पडणार, अशी बातमी आली, आणि गावोगाव माणसं खुळ्यासारखी वागायला लागली. वन्सं तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरात राहायच्या. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "मरायचंच हाय तर ह्या कोंबड्या कुणासाठी ठेवायच्या?" आणि एकेक करून सगळ्या कोंबड्या रश्शात गेल्या. अंड्यावर बसलेली खुडूकसुद्धा सोडली नाही. हे वन्संनी बघितलेलं. मग ते यंत्र लांब आस्ट्रेलियात पडलं आणि तिथल्या एका गावानं आमच्या हद्दीत कचरा टाकला म्हणून अमेरिकेलाच दंड ठोकला. हे वाचलेलं. आणि त्या रात्री भीमेत धाडकन काहीतरी पडल्याचा आवाज झाला, असं शेजारचा एक पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा, सांगायचा. हे ऐकलेलं. "आन् तेही पिऊन आलेल्या माणसाकडनं," असं त्या न चुकता जोडायच्या. गोष्टीचा शेवट मात्र सासूबाईंचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर जिवंत, आणि सासूबाई रिकाम्या खुराड्यापुढं गालाला हात लावून बसलेल्या. "काही पडलं न्हाई, सुमन," वन्सं मला म्हणायच्या, "आपली आपणच पडलो."

आता त्यांच्या दहाव्याचं ऐका. भीमेच्या घाटावर मांडव, खुर्च्या, दोन भोंगे. पिंड मांडून झाले, पण पुढाऱ्यांच्या गाड्या यायच्या होत्या म्हणून माइक चालूच. एक आला, त्यानं वन्संचं नाव चुकीचं घेतलं. दुसऱ्यानं आपण मंजूर करून आणलेल्या रस्त्याची माहिती दिली. भोंग्यांची तोंडं नदीकडं, आणि कावळे पार पलीकडच्या बाभळींवर जाऊन बसलेले. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या दहाव्याला हलक्या आवाजात माणसं सावरली, तिच्या दहाव्याला हा गोंगाट! मग तिसरा उठला. खड्या आवाजात म्हणाला, "गोदाक्का म्हणजे दैवी शक्ती असलेली माऊली! स्कायलॅब भीमामाईच्या पात्रात पडताना या माऊलीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं!" टाळ्या! दहाव्याला टाळ्या! आणि लगेच घोषणा, याच घाटावर माऊलीच्या स्मरणार्थ बाकडं बसवणार, त्यावर हे सगळं लिहिणार.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायांच्या बाजूनं उठून मी माइककडं निघाले. आमच्याकडं दहाव्याला बाया माइकवर बोलत नाहीत. बाळूनं वाटेत हात धरला. "मामी, बसा ना. मोठी माणसं आल्यात, कशाला शोभा करता?"

"शोभा मी करते व्हय रे? तुझ्या आईला खोटारडी केली त्यानं, आन् तू टाळ्या वाजवल्यास."

"चांगलंच बोलले की ते. माऊली म्हणाले."

"माऊली म्हणून खोटं चिकटवलं तर ते खरं व्हतं का?"

हात सोडवून मी माइकवर बोलले. काय पाहिलेलं, काय ऐकलेलं, काय वाचलेलं, तिन्ही वेगवेगळं करून सांगितलं. पण तोवर तो पुढारी गाडीत बसून पुढच्या दहाव्याला निघालासुद्धा होता. ऐकायचं ज्यानं, तोच नाही! आठ दिवसांत त्याच्या भाषणाचा तुकडा मोबाइलवर फिरत फिरत माझ्या दारात आला. शेजारची सून स्क्रीन पुढं करून विचारते, "मावशी, ह्याच का तुमच्या नणंद? यंत्र पडताना बघितलेल्या?" माझं बोलणं कुणी उतरवून घेतलंच नव्हतं. मला सांगा, आयुष्यभर एक बाई शब्द निवडून, पाखडून बोलली आणि ती गेल्यावर दहा दिवसांत तिच्या तोंडात तेच घालायचं जे तिनं थुंकून टाकलं होतं... याला श्रद्धांजली म्हणतात?

बाकडं बसलं. मी शिरूरहून एसटीनं बघायला गेले. सिमेंटचं, पाठीवर पांढरा रंग, वर वन्संचं नाव, मधे 'स्कायलॅब प्रत्यक्ष पाहणाऱ्या माऊली' आणि खाली त्या पुढाऱ्याचं नाव, वन्संच्या नावापेक्षा ठळक. बाळू सोबत होता. मी बाकड्यासमोर खाली फरशीवर बसले. म्हटलं, "ही ओळ असेपर्यंत मी ह्याच्यावर टेकणार न्हाई आन् इथनं उठणारबी न्हाई." तो म्हणाला, "मामी, त्यांना राग येईल. माझं काम अडकलंय त्यांच्याकडं." तो नदीकडं तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "आईनं मला ती गोष्ट शंभरदा सांगितली आसंल. दर बारीला सांगायची, त्यो पॉइंट्समन प्यालेला व्हता म्हणून." आणि मोटरसायकलच्या डिकीतनं पाना काढून त्यानं ती मधली ओळ खरवडायला घेतली. रंग निघाला, खालचं सिमेंटही थोडं निघालं. हाताला पाना लागून रक्त आलं तरी थांबला नाही. त्याचं काम अजून अडकलेलंच आहे. यापुढंही अडकेल.

तिथं दुसरं काही लिहायचं नाही असं आम्ही ठरवलं. आता बाकड्याच्या पाठीवर वर वन्संचं नाव आहे आणि मधे हातभर खरवडलेला ओबडधोबड पट्टा. टेकायला बसलं की पाठीला बोचतो. दहाव्याला आलेली माणसं वाट बघत बसतात, पाठ चोळत मागं वळतात आणि जवळच्या कुणाला तरी विचारतात, इथलं काय खरवडलंय हो? बाळू असला तर बाळू सांगतो, नाहीतर घाटावरचा न्हावी सांगतो, त्याला आता सगळी गोष्ट पाठ आहे, खुडूक कोंबडीसकट. त्या पट्ट्याखाली पुढाऱ्याचं नाव तसंच आहे, ठळक. त्याच्याबद्दल अजून कुणी एकानंही विचारलेलं नाही.