व्होट ऑफ थँक्स

जयवंता पारशिवनीच्या शाळेतून मॅट्रिक झाली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन नागपूरला, महालातल्या दोन खोल्यांत आली. नवरा चंपतराव गायधने विमा कचेरीत कारकून. साहेब व्हायचं तर इंग्रजीत बोलता आलं पाहिजे, असं पुढे त्यांच्या मनाने घेतलं आणि ते सीताबर्डीवरच्या एका वक्ता मंडळात जाऊ लागले. दर शनिवारी काही बाबू लोक कोट चढवून एकमेकांना इंग्रजीत भाषणं देत. नियम कडक होता. वेळ संपली की घंटी, आणि घंटी वाजली की अर्धं वाक्य तोंडात धरून खाली बसायचं.

सराव स्वयंपाकघरात चाले. चंपतराव पिठाच्या डब्यावर हात ठेवून उभे राहत. जयवंता पोळ्या लाटता लाटता ऐके आणि वेळ झाली की पितळी गडव्यावर चमचा वाजवी. चंपतराव पाटावर बसत. आधी आधी हसत बसत, मग त्यांच्या गुडघ्यांनाच ती सवय झाली.

शब्दांचा खरा नाद लागला तो जयवंताला. नुसत्या बोलण्याला इंग्रजीत इतकी नावं! शिकवायला उभं राहिलं तर लेक्चर, समारंभात मोठा माणूस बोलला तर ॲड्रेस, पाद्री बोलला तर सर्मन, पेला उंचावून चार शब्द बोलले तर टोस्ट, आणि मेलेल्या माणसाचे गुण गायले तर युलॉजी. चंपतराव शब्द घेऊन येत, ती चुलीमागच्या काळ्या भिंतीवर खडूने लिहून ठेवी. तेव्हा सासूबाई होत्या; त्या सकाळी सुरू झाल्या की ती हळूच म्हणे, "आज सर्मन लंबंच चालून राहिलं." चंपतराव ठसका लागेपर्यंत हसत. संसारातले ते दिवस तिला फार आवडत.

शहात्तर साली मंडळाचा वार्षिक समारंभ ठरला; पाहुणे चंपतरावांच्या कचेरीतले मोठे साहेब. शेवटचं व्होट ऑफ थँक्स कुणातरी सभासदाच्या बायकोने करायचं, अशी तिथली रीत होती. यंदा पाळी गायधन्यांची आली.

"तूच करशीन वं," चंपतराव म्हणाले. "तुले तं सारेच शब्द पाठ हायेत."

जयवंताने इंग्रजीतलं भाषण स्वतः जुळवलं. पाहुण्यांचे आभार, अध्यक्षांचे आभार, आणि शेवटी आमच्या घरच्या पिठाच्या डब्याचे, कारण त्याने इतकी भाषणं ऐकली पण एकदाही जांभई दिली नाही. चंपतरावांना तिने ते म्हणून दाखवलं. ते हसले, मग त्यांनी पुन्हा एकदा म्हणायला लावलं. का, ते तिच्या ध्यानात आलं नाही. निळी साडी घडी करून तिने गादीखाली इस्त्रीला दाबून ठेवली.

समारंभाच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "प्रोग्राम पुढं गेला. पाहुने दौऱ्यावर हायेत." शनिवारी मात्र कोट घालून गेले. नेहमीची मीटिंग, म्हणाले.

रविवारी सकाळी जयवंता खलबत्त्यात मिरच्या कुटत होती, तेवढ्यात मंडळातल्या एका सभासदाची बायको, शोभाताई, डबा घेऊन दारात उभी राहिली.

"अवं माय! टायफाईडच्या आंगानं काहून कुटत बसली? सोड ते! मऊ खिचडी आनली तुह्यासाठी."

"कोनाले टायफाईड?"

"तुले! भाऊच तं बोलले स्टेजवर. म्हने, मिसेस लय आजारी हाय, तिच्या जागी मीच आभार मानतो. आन् काय बोलले वं! पिठाच्या डब्याचे आभार मानले, तं साहेबाची बाई डोळे पुसूपुसू हासली. तुह्याबद्दल तं इतकं चांगलं बोलले का इचारू नको."

जयवंताचा हात खलबत्त्यावरच राहिला. आपल्यामागे आपलं इतकं चांगलं बोलले. भिंतीवर त्यालाही नाव लिहिलेलं होतं, युलॉजी. तिने ताप उतरल्याचं सांगितलं, चहा केला, शोभाताईला वाटेला लावलं. नवऱ्याला खोटं पाडायचं तिला सुचलंच नाही, याचाच तिला मागाहून राग आला.

चंपतराव भाजीची पिशवी घेऊन आले. ओट्यावरचा परका डबा त्यांनी ओळखला. पिशवी ठेवून ते पिठाच्या डब्याजवळ जाऊन उभे राहिले.

"हे पाह्य जयवंता. साहेबाची बाई कॉन्व्हेंटची. तुहं बोलनं पारशिवनीचं. लोकं हासले असते..."

"हासले ना. माह्याच बोलन्यावर हासले."

"तसं नाही वं. माह्या प्रमोशनचा टाईम हाय, तू समजून..."

तिने गडव्यावर चमचा वाजवला.

चंपतराव पाटावर बसले. बसल्यावर आपण बसलो हे त्यांना कळलं. "मले बोलू तं दे," म्हणत ते उठू लागले. तिने पुन्हा वाजवला. या वेळी ते अर्ध्यातूनच खाली आले.

तिने ताट मांडलं. पोळ्या, वरण, भाजी स्वतःच्या पानात घेतली. त्यांच्या पानात शोभाताईची पिवळी, गिचगिचीत खिचडी वाढली.

"हे मले काहून?"

"आजारी मानसासाठी धाडली हाय," जयवंता म्हणाली आणि जेवायला बसली.

चंपतरावांनी दारातून दिसणाऱ्या गादीकडे पाहिलं. निळ्या साडीचा काठ खालून डोकावत होता. त्यांनी खिचडीचा घास घेतला. मीठ नव्हतं. मीठ मागावं असं त्यांना वाटलं, पण चमचा अजून तिच्या हाताशीच होता.