आबांचं काळं फूल

धुळ्याहून लग्न होऊन मी फैजपूरला आले. माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी आमच्याकडचं 'शे' निसटलं की सासरचे हसत. मी तेवढा वेळ त्यांच्या केळीकडे बघत बसे, कारण घरात दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. अंगणात केळी, गोठ्यामागे केळी, बोलण्यात केळी. माझ्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणे, आणि केळीतलं आबांना कळत नाही असं काही नाही, असं आबांचंच मत होतं.

त्या वर्षी गणपती उठल्यावर थोरल्या नणंदेचे यजमान विलायतेहून परतले. आबांसाठी त्यांनी मूठभर कंद आणले होते. ट्यूलिपचे, काळ्या फुलांचे. हातात ठेवताना म्हणाले, "आधी गारठ्यात ठेवावे लागतात. पण शोभेलाच ठेवा आबा, तुमच्या भट्टीत हे फुलायचं नाही." मग आणले कशाला, हे जावयाला विचारायची पद्धत नसते. आबांनी हसून घेतलं. मात्र त्या रात्री ते जेवले कमी, आणि सकाळपासून घरात एकच विषय झाला. जावयाच्या डोळ्यांदेखत फूल आणून दाखवायचं.

गारठा म्हणजे फ्रिज, आणि आमच्या गल्लीत फ्रिज होता तो शेजारच्या मारवाडी शेठजींकडे. शेठजी जैन, त्यांच्या घरात कांदा-बटाटा शिरत नसे. आबा अर्धी सकाळ त्यांना समजावत होते की हे खायचं नाही. शेठजी शांतपणे म्हणाले, "आबा, न खाल्ल्यानं कंदाचा काय भाजीपाला होतो का?" शेवटी फ्रिज घरातून दुकानात हलवला गेला. दुकानात धर्म जरा ऐसपैस असतो. लिंबू सोड्याच्या बाटल्यांमागे आमचे कंद थंडी खात बसले.

हिवाळा अंगात शिरला तेव्हा आबांनी ते परसात लावले. कसे? केळीसारखे. हातभर खड्डा, शेणखत, वर एरंडीची पेंड. कंद कांद्याएवढा, खड्डा हत्तीच्या पायाएवढा. एवढं खाणं पाहून बहुतेक कंद कुजले. एक तेवढा चिवट निघाला आणि त्याला पानं फुटली.

संध्याकाळी गावातली मंडळी ते रोप पाहायला येऊ लागली.

"आबा, याले घड केवढा येतो?"

"घड नाही येत. फूल येतं."

"मंग?"

आबा फक्त म्हणत, "जावईबापू येऊ द्या, मंग सांगतो."

आणि कळी आली. मी ती पाहिली आहे. वांग्यापेक्षा गडद, मिटलेली, टोकदार, उन्हात तिची कड जांभळी दिसे. मला ती फार आवडली होती. आबा येता-जाता तिच्याशी काही तरी पुटपुटत. चार माणसांत बायकोशी कधी बोलले नव्हते, कळीशी बोलत.

जावई यायच्या दिवशी आबा त्यांना आणायला सकाळीच स्टेशनवर गेले. मी ओट्यावर पुरणाला लागले होते. सासूबाई मागच्या दारी केळफुलं निवडत होत्या. आमच्याकडे केळीचा घड बाहेर पडला, फण्या सुटल्या, की खाली लोंबणारं जांभळं केळफूल कापतात, म्हणजे सगळा जोर घडाला जातो. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी तेच केलं होतं. हात धुवायला त्या परसात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या सुपात एक लहानसं फूल जास्त होतं.

मी पाहिलं तोवर ते केळफुलांत चिरून झालं होतं.

"कापलं तं खालचा कंद पोसीन," त्या सहज म्हणाल्या. "त्यायले किती हाऊस शे... असंच म्हनता ना तुम्ही धुळ्याचे?" मला चिडवायला म्हणाल्या खऱ्या, पण माझं तोंड पाहून त्यांचं हसू गेलं.

आबा आले ते वहाणांसकट परसात. पाठोपाठ जावई. तिथे हिरवा दांडा होता आणि त्यावर ओला काप. आबांनी तो काप बोटानं चाचपला. असा काप त्यांनी जन्मभर पाहिला होता, त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सासूबाई दारात पदर धरून उभ्या होत्या.

पंगत बसली. जावयांनी पुरणपोळी बाजूला सारून केळफुलाची भाजी दुसऱ्यांदा मागितली. मग हसत म्हणाले, "काय आबा, आलं का आमचं काळं फूल?"

"आलं होतं."

"मग कुठं गेलं?"

"तुम्ही खाताय."

जावई ठसका लागेपर्यंत हसले. "नाही आलं तर नाही म्हणा की. त्यात काय?" मी पाहिलं होतं, पण जावयाच्या विरुद्ध सुनेची साक्ष कोण घेतो? मी तूप वाढत राहिले, आणि मला त्या माणसाचा मनापासून राग आला.

सासूबाई भाजीचं पातेलं घेऊन आबांपर्यंत आल्या आणि थबकल्या. आबांनी वर पाहिलं नाही. ताट थोडं पुढे सरकवलं.

"वाढ," ते म्हणाले. "चांगली झालीय."