पोट्ट्याला लवकर उतरवलं

सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्या सोळा वर्षांच्या पोराचा गुडघा माझ्या हट्टापायी गेला. पोरगा खरा नव्हता, लॅपटॉपवरच्या फुटबॉलच्या गेममधला होता. या गेममध्ये आपण बॉल मारत नाही. आपण क्लबचा मॅनेजर असतो; कोणाला खेळवायचं आणि कोणाला बाकावर बसवायचं, एवढंच आपल्या हाती. एवढंच होतं, आणि तेही मला जमलं नाही.

क्लब आम्हा दोघांचा होता, माझा आणि माझ्या मुलीचा. मी रोहण्याच्या शाळेत मास्तर, घर आर्वीला. मुलगी वर्ध्याला खोली करून मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. दुसऱ्यांदा. एखाद्या रविवारी एसटीने घरी यायची. अभ्यासाचा विषय काढला की तिचं तोंड बारीक व्हायचं, म्हणून मी लॅपटॉप उघडायचो. मग ती बोलायची.

त्या पोराला तिनेच हेरलं होतं. क्लबच्या ज्युनिअर पोरांमध्ये तो होता. चपळ, अंगाने काडी. ती त्याला नुसतं ‘पोट्टा’ म्हणायची.

“बाबा, याले वर्षभर शेवटची वीस मिनिटंच द्यायची. तेबी आपण दोन गोल पुढं असलो तवाच.”

“काऊन? बाकीच्याइपेक्षा तर चांगला खेळते.”

“म्हणूनच. हरत्या मॅचमधी टाकला का सारं त्याच्याच डोक्यावर येते. आन् थकला दिसला का बसवजा, मले न इचारता.”

मी हो म्हटलं. ती वर्ध्याला गेली, आणि आमचा क्लब हरायला लागला. एकामागून एक. क्लबच्या मालकांची ताकीद स्क्रीनवर आली: असंच चाललं तर तुम्हाला काढू. खोटे मालक, खोटी नोकरी. तरीही ती वाचवायला मी पोट्ट्याला पहिल्या अकरात घेतलं. त्याने दोन गोल मारले आणि आम्ही जिंकलो.

पुढच्या मॅचला पुन्हा तोच. त्याच्या पुढची थकव्याची पट्टी पिवळी झाली, मग लाल. गेममधला सहायक सांगत होता की याला विश्रांती द्या. मी म्हणायचो, एवढी एक मॅच. त्याच दिवसांत फोनवर मुलीला म्हणायचो, “आता थोडेच दिवस उरले, माय. एवढी एक परीक्षा काढ.” ती म्हणायची, “हो बाबा.” ही दोन्ही वाक्यं माझ्याच तोंडची आहेत, हे मला तेव्हा ऐकू आलं नाही.

त्याचा गुडघा गेला. गेममधल्या बऱ्याच महिन्यांनी तो परतला, पण पाय पहिल्यासारखे चालेनात. गेममधले प्रेक्षक त्याला ओरडू लागले. मुलीला मी यातलं काहीच सांगितलं नाही.

मग एका मंगळवारी, मी शाळेतून आलो तर तिची गादी दोरीने बांधलेली, ओसरीवर. बाजूला पुस्तकांची पेटी. ती आत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“काई इचारू नोका तिले,” तिची आई दारातच म्हणाली. “परीक्षेआधीच खोली सोडून आली. सकाळपासून घोटभर चहा घेतला फक्त.”

दुसऱ्या दिवशीही ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आईने चार घास भरवले, लहान मुलाला भरवतात तसे. मी रजा टाकून घरीच होतो. घरात फिरत होतो, तिच्या दाराशी जात होतो, परत येत होतो. शाळेत चाळीस पोरांना बोलतं करणारा माणूस मी, आणि माझ्या पोरीशी कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. ती अशीच राहिली तर? रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला तरी मी दचकून तिच्या खोलीकडे बघायचो.

शेवटी काहीच सुचेना म्हणून लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ बसलो. ती उठून बसली. तिने पोट्ट्याचं पान उघडलं आणि गुडघ्याची नोंद वाचली.

“किती मॅच खेळवला याले?”

“सगळ्या.”

“काऊन?”

“हरून राह्यलो होतो ना आपण. मले काढून टाकत होते.”

“तुमाले,” ती म्हणाली. “त्याले थोडीच काढत होते!”

मी घाईघाईने म्हटलं, “जुना सेव्ह हाये, त्याचा गुडघा जायच्या आधीचा. तो उघडतो. तिथून पुन्हा खेळू, याले बाकावर बसवू.”

तिने लॅपटॉप मिटला. “माहाबी असा जुना सेव्ह असन तर पाहा.”

मग ती अगदी हळू म्हणाली, “बाबा, तुमी माहं एक वर्ष वाचवलं होतं. ते मी खाऊन टाकलं. आता आणखी एक मागू तरी कसं?”

हे वाचवलेलं वर्ष म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या भागात जुनी रीत आहे: पोरगं हुशार दिसलं की मास्तर कागदावर जूनची जन्मतारीख टाकून त्याचं वय वाढवतात आणि पहिलीत बसवतात. निम्म्या गावाचा वाढदिवस जूनमध्ये येतो तो असा. मुलगी लहानपणी माझ्या मोटारसायकलवर पुढे बसून शाळेत यायची आणि पहिलीच्या पोरांआधी धडा वाचायची. सोबतचे मास्तर म्हणाले, “गुरुजी, अशा पोरीचं वर्ष काहाले वाया घालवता?” माझी छाती फुगली. मी तिचं वय वर्षाने वाढवलं. वर्गातल्या पोरींचे दुधाचे दात पडून गेले तेव्हा हिचे हलायलाही लागले नव्हते. शर्यतीत ती नेहमी शेवटी. घरी येऊन रडायची आणि मी म्हणायचो, “पण पहिला नंबर कोणाचा?” पुढे जो भेटेल त्याला मी सांगत फिरलो की आम्ही एक वर्ष वाचवलं. ती ते ऐकत मोठी झाली. पहिल्यांदा नापास झाली तेव्हाही मीच म्हटलं होतं, “काई हरकत नाई, एक वर्ष हाताशी हाये आपल्या.”

ते तिने मनात धरून ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेर तिची आई उकडलेल्या तुरीच्या शेंगा ताटात काढत होती. ते ताट मीच आत आणलं, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं आणि शेंगा सोलायला लागलो. दाणे तिच्या बाजूला सारत गेलो. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. आयुष्यभर मी पोरांना माफी मागायला लावली, स्वतः कधी कोणत्या पोराची मागितली नाही.

“माय,” मी म्हटलं, “ते वर्ष मी वाचवलं नव्हतं. तुह्यापासून घेतलं होतं. माह्या मोठेपणासाठी. तू लहान होती, अन् मी तुलेबी लवकर मैदानात उतरवून देल्लं. तू काई खाल्लं नाई, काई हरवलं नाई. चुकलं ते माहं. मले माफ कर.”