वसुमतीअक्कांच्या पुसलेल्या रांगोळ्या

जयसिंगराव कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले की माझं डोकं फिरायचं. "ताई, डेस्कटॉपवर काही आहे? माय डॉक्युमेंट्समध्ये? नीट आठवून सांगा." सांगितलं की पुन्हा तेच. मी पुण्याहून नोकरीसाठी इकडे कन्नड मुलखात, येलहंक्यात आलेली, हक्काचा एक रविवार मिळणारी, आणि तोच हा गृहस्थ चौकशीत घालवायचा. शेवटी एकदा म्हटलं, "अहो, फॉरमॅट करायचंय, हृदयाचं ऑपरेशन नाही."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "खाली वसुमतीअक्कांकडे नव्हतं विचारलं," म्हणाले.

वसुमतीअक्का माझ्या घरमालकीण. त्या काय आणि जयसिंगराव काय, दोघंही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, मराठीत कन्नड मिसळून बोलणारे. अक्कांचे गुडघे गेले आणि दारात वाकून रांगोळी काढणं संपलं. त्यांच्या यजमानांनी, कृष्णाजींनी, हौसेने कॉम्प्युटर घेतला होता; त्यावर अक्का माऊसने रांगोळ्या काढू लागल्या. आधी ठिपके, मग रेषा, मग रंग. शिकवलं जयसिंगरावांनीच.

डिस्कचे दोन भाग करण्याचा त्यांना भारी अभिमान. सी भागात विंडोज, डी भागात आपलं सगळं. विंडोज बिघडलं तर सी पुसून नव्याने भरायचं, डीला धक्का नाही. "स्वयंपाकघर रंगवायला काढलं म्हणून कोणी देवघरातले देव हलवतं का?" असं गिऱ्हाइकांना ऐकवत फिरायचे. अक्कांना मात्र त्यांनी 'सेव्ह दाबा' एवढंच शिकवलं. कुठं ठेवायचं ते सांगायचं राहून गेलं. मशीन आपलं प्रत्येक रांगोळी माय डॉक्युमेंट्समध्ये टाकत राहिलं, आणि ते असतं सीमध्ये. पुढे विंडोज बिघडलं आणि जयसिंगरावांनी बेधडक सी पुसला.

"अक्कांनी येऊन बघितलं. म्हणाल्या, माझ्या रांगोळ्या कुठं गेल्या? तर कृष्णाजी म्हणाले, तूच काहीतरी दाबलं असशील." जयसिंगराव माझ्याकडे न बघता बोलत होते. "आणि मी केबल बघत बसलो, ताई. केबलला काही झालं नव्हतं."

"म्हणजे तुम्ही बोललाच नाहीत?"

"अक्का म्हणाल्या, सरी, ठीक आहे, माझंच चुकलं. मला कॉफी आणून दिली. ती मी प्यायलो."

मला संताप आला, कारण पुढचं मी रोज बघत होते. अक्का मिक्सरचं बटण दाबायला मला वरून खाली बोलवायच्या. फोन वाजला तर उचलायच्या नाहीत. "तू दाब गं, माझ्या हाताला यश नाही," म्हणायच्या. म्हातारपणाचा चाळा, असं मी समजत होते.

"चला खाली," मी म्हटलं.

"स्वल्प थांबा, हे काम तेवढं..."

"काम राहू दे."

अक्का खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. कृष्णाजी पेपर वाचत होते. कॉम्प्युटरवर जुन्या साडीचा तुकडा घातलेला होता. जयसिंगरावांनी उभ्याउभ्याच सांगितलं. मी मनात शंभर सबबी धरून चालले होते, पण त्यांनी एकही सांगितली नाही. "मीच पुसल्या अक्का. तुम्ही काही दाबलं नव्हतं. मला तेव्हाच ठाऊक होतं."

अक्कांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत?" कृष्णाजींनी पेपरची घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

मग त्या जयसिंगरावांकडे वळल्या. "रांगोळ्यांचं काय एवढं, अण्णा? दारातली मी रोज पुसतच होते की. दुसऱ्या दिवशी नवी काढायची." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "पण वर्ष झालं, मी माझ्याच घरात कशाला हात लावायला भिते. हे मी दाबलं तर काय होईल, ते दाबलं तर काय होईल. तुम्ही कॉफी पिऊन गेलात, तेव्हा एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं?"

 

अक्का उठल्या. साडीचा तुकडा काढून खुर्चीवर टाकला आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या. "आता तो डी कुठं आहे ते दाखवा."

"दाखवतो. आधी काहीतरी काढा, मग ठेवू या," जयसिंगराव म्हणाले. त्यांनी मशीन चालू केलं, कोरं पान उघडून दिलं आणि बाजूला झाले.

अक्कांनी माऊस धरला. बाण पानाच्या मधोमध आणला. बोट बटणावर ठेवून त्यांनी मान वर केली. "दाबू?"

"दाबा की, अक्का," जयसिंगराव म्हणाले.

एक ठिपका उमटला. अक्कांनी बाण शेजारी सरकवला आणि परत वर पाहिलं.

"दाबू?"