डावीकडच्या माणसाची खुर्ची

घरच्या घरी व्यायाम करणारा माणूस मी फार जवळून पाहिला आहे. त्यामुळे "मी रोज घरीच करते हं सगळं" असं कुणी सांगितलं की माझा चटकन विश्वास बसत नाही. घरात फोन वाजतो, कुकर होतो, दारावर कुरियरवाला येतो, आणि मुख्य म्हणजे घरात बायको असते. बायकोसमोर कुणी व्यायाम करत नाही. निदान माझ्या नवऱ्याने तरी केला नाही.

ह्यांना कंपवात झाला तेव्हा रिटायर होऊन फार दिवस झाले नव्हते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. केसाएवढा फरक बोटाला कळायचा, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढचं वाक्य मीच पुरं करायचे. त्याच हातातला पेपर एका सकाळी फडफडायला लागला. मी उठून पंखा कमी केला. पेपर तरी फडफडतच राहिला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की व्यायाम गोळ्यांइतकाच महत्त्वाचा. हा आजार जात नाही, पण हालचाल चालू राहिली तर तो सावकाश पुढे सरकतो. आमच्या घरातलं पुढचं सगळं मग त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं. हे हलत राहतात की नाही.

सुरुवातीला कळव्याला आमच्या घरी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये, धापा न टाकता यायची. ती असेपर्यंत सगळं व्यवस्थित व्हायचं. हात वर, मान वळवा, पाय उचलून टाका. ती जिना उतरली की हे खुर्चीत बसायचे ते जेवायलाच उठायचे. या आजारात चालता चालता पाय जमिनीला चिकटतो, विशेषतः दारात. समोर रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलला जातो, असं तिने सांगितलं म्हणून मी स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत लाल टेपच्या पट्ट्या चिकटवल्या. हे म्हणाले, घराची पार शाळा करून टाकलीस. मी आकडे मोजायचे, हे खिडकीबाहेर बघायचे. मग मी ओरडायचे. केला का व्यायाम विचारलं की म्हणायचे, झाला करून, तू आंघोळीला गेलेलीस तेव्हा. माझी आंघोळ तेवढी लांबत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

शेवटी त्या मुलीनेच हात टेकले. नौपाड्यात एका मंडळाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये कंपवाताच्या माणसांसाठी एकत्र व्यायामाचा वर्ग होता, तिथे जा म्हणाली. हे ऐकूनच भडकले. थरथरणारी माणसं बघायला मी रिक्षाचं भाडं भरून जाऊ का, असं म्हणाले. मी भांडून नेलं. खरं तर व्यायामापेक्षा तेवढा वेळ ते घराबाहेर असतील हा लोभ मला जास्त होता, आणि त्याची मला लाज वाटत नाही. ज्यांनी आजारी माणसाचं केलंय त्यांना कळेल.

वर्ग घेणाऱ्या ताई चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांचा एक नियम होता, घरच्या माणसांनी आत यायचं नाही. आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसायचो, पिशव्या आणि चपला सांभाळत. दाराच्या काचेतून आतलं दिसायचं. दुसरा नियम असा की हॉलच्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या खुर्च्यांमधून स्वतःची खुर्ची स्वतः आणायची नाही. प्रत्येकाने आपल्या डावीकडच्या माणसाची खुर्ची आणून लावायची. सगळ्यांच्या खुर्च्या लागल्या, गोल पुरा झाला, की व्यायाम सुरू. मला तो पोरखेळ वाटला. हाताला आधीच कंप, त्यात खुर्ची उचलायची, आणि तीही दुसऱ्याची. मी ताईंना तसं म्हटलंही.

त्या म्हणाल्या, "स्वतःची उचलायची म्हटली की कंबर दुखते, काकू. दुसरा उभा असला की दुखत नाही."

ह्यांच्या उजवीकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका असायच्या, तिथल्या नौपाड्यातल्याच. सगळे त्यांना बाई म्हणत. आजाराने आवाज इतका बारीक झाला होता की कान जवळ न्यावा लागे, पण वाक्य अजून व्याकरणशुद्ध. त्या ह्यांची खुर्ची लावायच्या. ह्यांच्या डावीकडे टेंभी नाक्यावरचे एक गृहस्थ. तरुणपणी दहीहंडीत सगळ्यात खालच्या थरात उभे राहायचे, वरचा सगळा डोलारा त्यांच्या खांद्यांवर. आता चहाचा कप धरवत नव्हता. त्यांची खुर्ची ह्यांनी लावायची. पहिल्या दिवशी मी काचेतून बघत होते. हे कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे पाय चिकटला, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. इकडे ते टेंभी नाक्यावरचे उभे. कुणी मदतीला गेलं नाही. मीच अर्धवट उठले होते. मग गोलातल्या सगळ्यांनी मिळून हळू आवाजात आकडे म्हणायला सुरुवात केली, आणि त्या तालावर ह्यांचा पाय सुटला. खुर्ची घेऊन आले, लावली, आणि हाताने सीट पुसली.

घरी सीट पुसणं सोडा, उशी पडली तर हाक मारायचे.

येताना रिक्षात खाडीवरच्या पुलावर हे बोलत होते. किती दिवसांनी आपणहून बोलत होते. त्या माणसाचे खांदे अजून बघण्यासारखे आहेत म्हणाले. पुढच्या खेपेला मला त्यांना तयार करावं लागलं नाही, शर्ट घालून आधीच बसले होते. बटणं वरखाली लागली होती, मी ती तशीच राहू दिली. त्यानंतर जे दिवस गेले ते आजारातले आमचे चांगले दिवस. मला आनंद झाला, आणि तितकाच जळफळाटही झाला. जे माझ्यासाठी केलं नाही, मी हात जोडले, रडले, तरी केलं नाही, ते चार परक्या माणसांत हसत हसत करत होते. हे मी पायऱ्यांवरच्या एका बाईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, आमचेही तसेच.

पण आजार पुढे सरकतच होता. अडचण वर्गाची नव्हती, जिन्याची होती. एकदा परत येताना दुसऱ्या मजल्यावर पाय चिकटला तो सुटेचना. मी आकडे म्हटले, माझ्या आकड्यांना तो पाय कधीच दाद देत नसे. शेवटी शेजारच्यांनी खुर्ची आणली आणि त्यात बसवून ह्यांना वर उचलून नेलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते, ते घरात येईपर्यंत उघडले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, बस झालं आता, मी नाही जाणार. वर्गातले लोक भेटायला यायचं म्हणत होते. ह्यांनी साफ नाही सांगितलं. त्यांना तीन मजले चढायला लावू नकोस म्हणाले. मला वाटतं, खुर्चीतून उचलून आणलेला माणूस त्यांना दाखवायचा नव्हता. ताईंनी मोबाइलवरून वर्ग दाखवायची सोय केली. मी तांदळाच्या डब्याला फोन टेकवून ठेवला. हे थोडा वेळ बघत राहिले आणि मग तोंड फिरवलं.

पुन्हा आम्ही दोघं, घर आणि लाल पट्ट्या. पुन्हा माझं मोजणं. आता ओरडायचं त्राण मलाही नव्हतं.

एका सकाळी, नेमकी वर्गाची वेळ होती, मी भाजी निवडत असताना बाहेर धाडकन आवाज झाला. धावत गेले तर हे जमिनीवर आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची खिडकीपाशी तिरकी पडलेली. डोक्याला लागलं नव्हतं, कोपर सोललं होतं. मी विचारलं, कशाला उठलात, काय हवं होतं? खूप खालच्या आवाजात म्हणाले, त्यांची खुर्ची लावायची होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढे पुढे नसलेली माणसं दिसायला लागतील, तसं झालं तर लगेच कळवा. मी त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, कोण आलंय हो?

हे माझ्यावर इतके चिडले की आवाज एकदम पूर्वीसारखा निघाला.

"मला वेड नाही लागलेलं. कोणी नाही आलेलं, कोणी येणार पण नाही, माहितीये मला. ती खुर्ची लावल्याशिवाय मला सुरुवातच करता येत नाही गं."

त्या दिवसापासून आमच्या घरी रोज सकाळी टेंभी नाक्यावरच्यांची खुर्ची लागायची. मी एका बाजूने धरायची, ह्यांनी दुसऱ्या बाजूने, टेबलापासून खिडकीपर्यंत. मी जास्त जोर लावला तर ह्यांना कळायचं आणि ते थांबायचे. खुर्ची खिडकीपाशी ठेवायची, सीटवरून हात फिरवायचा, मग समोर बसून हात वर, मान वळवा, पाय उचलून टाका. मी मोजत नव्हते. हे मनात मोजायचे, ओठ हलताना दिसायचे. घरात अख्खी जिवंत बायको उभी असताना हे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून व्यायाम करायचे, आणि मला त्या लाकडाच्या खुर्चीचा राग यायचा. खरंच यायचा. तरी एखाद्या सकाळी हे विसरलेच तर मीच आठवण करायचे, टेंभी नाका उभे आहेत हं. मग हसायचे. त्यांचा चेहरा हसण्याइतका हलत नसे, पण मला कळायचं.

पुढे खुर्ची उचलणं जमेना, तेव्हा ढकलत न्यायचो. मग हे नुसता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे आणि मी ढकलायचे. मग अंथरूण धरलं. खुर्ची खिडकीपाशीच राहिली, ह्यांना पलंगावरून दिसेल अशी. ती परत टेबलाशी आणावी असं मला एकदाही वाटलं नाही. थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि हे गेले. हॉस्पिटलमधून आम्ही त्यांना घरी आणलं, आणि शेवटचं त्याच जिन्यावरून खाली नेलं.

तेरावा व्हायच्या आधीच एका सकाळी जिन्यात पावलं ऐकू आली. घासत येणाऱ्या चपला, मध्येच थांबणाऱ्या, परत घासणाऱ्या. मी ओळखलं आणि दार उघडून उभी राहिले. दुसऱ्या मजल्यावर बराच वेळ काही हललं नाही. मग अगदी दबक्या आवाजात आकडे ऐकू आले. सुतकाच्या घरी येताना मोठ्याने कसं म्हणायचं, म्हणून पुटपुटत म्हणत होते सगळे. ताई सगळ्यांच्या मागे होत्या. ज्या तीन मजल्यांची धास्ती घेऊन ह्यांनी त्यांना कधी येऊ दिलं नव्हतं, ते तीन मजले चढून वर्ग माझ्या दारात उभा होता. घामाघूम, थरथरत.

भेटायला येणाऱ्यांसाठी शेजाऱ्यांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. मी बसा म्हणायच्या आत त्यांनी त्या घेतल्या. कुणीच स्वतःसाठी घेतली नाही. सवयच ती, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. एकाने दुसऱ्याची आणली, दुसऱ्याने तिसऱ्याची. बाईंनी एक ओढत आणली, आपल्या डाव्या हाताला ठेवली, नीट सरळ केली, आणि मग त्यांना कळलं. त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

बाकीचे बसले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की टेंभी नाक्यावरचे उभेच आहेत. भिंतीशी खुर्च्या होत्या, हात लांब केला असता तर मिळाली असती. ते हात मागे बांधून उभे होते, आणि मागे बांधलेले हात हलत होते.

मी खिडकीपाशी गेले. ती खुर्ची उचलली. ह्यांनी धरलेली बाजू नसल्याने ती मला फार जड लागली. आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि पदराने सीट पुसली.

"बसा," मी म्हटलं. "ही तुमचीच आहे. रोज लावायचे."

त्यांनी आधी खुर्चीकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग ते सावकाश बसले. तोंडावर रुमाल धरला, पण हात थांबत नव्हता, त्यामुळे रुमाल काही केल्या डोळ्यांना लागेना. मी दारात उभी होते, घरच्या माणसांनी जिथे उभं राहायचं तिथे. बाईंनी मला खुणेने बोलावलं आणि आपल्या शेजारची खुर्ची थोडी पुढे सरकवली. त्या काहीतरी म्हणाल्या, पण आवाज माझ्यापर्यंत पोचला नाही. मी आत जाऊन त्या खुर्चीत बसले.