साऱ्या माझ्या लेकी

लतिका चौबळ कधी निवडणुकीला उभी राहिली नाही, पण परळ-भोईवाड्यातल्या नव्या सुनांना खासदारापेक्षा खासदारीणबाईच जास्त ठाऊक. दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी परळच्या एका हॉलमध्ये खासदार रघुवीर चौबळांतर्फे ‘लेकींची संक्रांत’ व्हायची. त्या वर्षी लग्न झालेल्या मुली काळ्या साड्या नेसून ओळीने बसायच्या आणि लतिका एकेकीला हलव्याचे दागिने घालायची. हार, बाजूबंद, बिंदी, सगळं पांढरंशुभ्र. कल्पना मुळात तिचीच. रघुवीर साधा नगरसेवक असताना ती विमा कंपनीतली नोकरी सोडून त्याच्याबरोबर चाळीचाळीचे जिने चढायची, तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं, की घरातल्या नव्या सुनेचं कौतुक केलं की अख्खं घर आपलं होतं. पक्षातल्या मोठमोठ्या डोक्यांना हे काही सुचलं नव्हतं.

रघुवीर जुन्या वळणाचा माणूस. धर्म, संस्कार, कुटुंब, या तीन शब्दांवाचून त्याचं भाषण म्हणजे अळणी आमटी. टवाळखोर हसायचे, पण लतिकाला त्याचं काही वाटत नसे. तो घरातही तसाच होता. देवापुढे दिवा लागल्याशिवाय चहाला शिवायचा नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही. पुढाऱ्यांचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात, आपल्या माणसाचे तसे नाहीत, एवढी तिची खात्री होती आणि या एका खात्रीवर तिचा संसार उभा होता.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, स्पृहाने, वडाळ्याच्या विल्सन डिमेलोशी रजिस्टर लग्न केलं. रघुवीरची लोकसभेची दुसरी निवडणूक तोंडावर आलेली. रघुवीर ओरडला नाही, आदळआपट केली नाही. दोन दिवस जेवला नाही आणि मग म्हणाला, की हे बाहेर जाता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ उघडली ती वैदेहीने. बिचारी नुकतीच महिला आघाडीत आलेली, माईक हातात घ्यायची भारी हौस. लतिकाताईंच्या मुलीचंही यंदा लग्न झालंय, एवढंच तिला कुठूनसं कळलं होतं. ताईंना खूश करायला म्हणून तिने भर हॉलमध्ये पुकारलं, की आज आपल्या स्पृहाताईंचीही पहिली संक्रांत आहे, तर त्यांनी दागिने घालून घ्यायला मंचावर यावं. बायकांच्या माना मागे वळल्या. स्पृहा तर आलीच नव्हती. लतिका कुणाच्या तरी मुलीच्या गळ्यात हार बांधत होती, तिला गाठ मारता येईना. रघुवीर उठला, त्याने वैदेहीकडून माईक घेतला.

“माझ्या घरात मुलगी नाही,” तो म्हणाला. “समोर बसल्यात त्या साऱ्या माझ्या लेकी.”

हॉल टाळ्यांनी भरून गेला. ज्यांना आतली गोष्ट ठाऊक होती त्यांनी ती इतरांना सांगितली आणि आठवड्याच्या आत सगळीकडे एकच बोलणं, की तत्त्वासाठी पोटच्या पोरीवर पाणी सोडणारा असा माणूस आजकाल मिळत नाही. हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांपासून लालबागपर्यंत फलक लागले, ‘साऱ्या माझ्या लेकी’. रघुवीर यंदा पडणार म्हणून पैजा लागल्या होत्या. तो दणदणीत निवडून आला. त्याच्या पुढच्या वेळीही आला.

लतिका महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, कारण तिला वाटलं, आपल्याइतकंच त्याचंही काळीज तुटत असणार, फक्त तो दाखवत नाही. ती स्पृहाशी फोनवर बोलायची आणि तेवढा वेळ तो उठून गॅलरीत जायचा. पण वडाळ्याला ती गेली नाही. भोईवाड्याहून वडाळा ते काय, टॅक्सीत नीट टेकेपर्यंत येतं. तरी गेली नाही. नवरा तत्त्वासाठी एवढं सोसतोय, तर आपण चोरून जाऊन त्याला खोटं पाडायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. वेडीच म्हणायची. दर संक्रांतीला लोकांच्या पोरींना नटवताना तिचं देवाकडे एकच मागणं असे, की आपली पोर एकदा घराच्या दारातून आत येऊ दे.

अशी दहा वर्षं गेली. मागच्या निवडणुकीला पक्षाने रघुवीरचं तिकीट कापलं. गरज सरो, वैद्य मरो. फुलांचे हार घेऊन येणारे नव्या उमेदवाराच्या दारात गेले. रघुवीर दोन दिवस फोनकडे बघत बसला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता म्हणाला, “स्पृहाला बोलाव आता. जावयालाही.”

लतिकाला आधी आनंदच झाला. डोळ्यांत पाणी आलं. मग तिने भीत भीत विचारलं, “अहो, पण तुमच्या तत्त्वाचं काय?”

“कसलं तत्त्व? अगं, इलेक्शन होतं. त्या पोरीने माईकवर नाव घेतल्यावर मी दुसरं काय बोलणार होतो? मुलगा चांगलाय. मी तेव्हाच चौकशी केली होती.”

आणि त्याने पोह्यांवर लिंबू पिळलं.

दहा वर्षं ज्या गोष्टीचा मान राखत ती मुलीच्या दारापर्यंत गेली नव्हती, ती गोष्ट नव्हतीच.

त्याच दुपारी ती वडाळ्याला गेली. विल्सन कामावर होता. स्पृहाने दार उघडलं आणि आईच्या गळ्यातच पडली. तिच्या कानाजवळ केस पांढरे झालेले लतिकाला फोनवर कुठून दिसणार? चहा झाला, घर दाखवून झालं. बाबांनी दोघांना बोलावलंय हे ऐकल्यावर स्पृहा लहान मुलीसारखी हसली आणि बाबा वळले तरी कसे, म्हणून विचारलं.

टॅक्सीत लतिकाने उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांचं वय झालं, तुझी आठवण येते, वगैरे. पण मुलीच्या तोंडाकडे बघून तिला खोटं बोलवेना. आणखी किती दिवस? तिने पोह्यांसकट सगळं सांगून टाकलं.

“मी विल्सनला नेहमी सांगते, आई, माझे बाबा हट्टी आहेत पण खोटे नाहीत,” स्पृहा म्हणाली. “तो त्यांना काही बोलला तर मी भांडते त्याच्याशी. अजून.”

एवढं बोलून ती रडायला लागली. लग्नाच्या वेळी रडली नव्हती, त्या टाळ्यांची बातमी ऐकूनही रडली नव्हती. माहेरातून या मुलीने बापाचं एवढंच काय ते बरोबर आणलं होतं आणि तेही आज आईने येऊन काढून घेतलं. लतिका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. घरी केव्हा येतेस, हे विचारायचं तिला धैर्य झालं नाही.